वासाला बसलेला माणूस

धार संपली तशी जोतीरामनं बादली गुडघ्यांतून सोडवून घेतली आणि उठण्याआधी तिच्यावर तोंड नेलं. डोळे मिटले. फेसाची ऊब गालांना लागली, वरच्या ओठावर वाफेचा ओलावा बसला. वास मात्र आला नाही. दुधाचा नाही, म्हशीच्या अंगाचा नाही, पायाखाली साचलेल्या मुताचाही नाही. बादलीत साधं पाणी असतं तरी नाकाला फरक कळला नसता.

गोठ्याच्या दारात त्याची बायको संयोगिता उभी होती. सासूला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज दाबून विचारलं, "आला?"

"न्हाय."

"कालच्यापरास वाईच तरी?"

"न्हाय म्हन्लं की."

ती जवळ आली. तिची मूठ बंद होती. "डोळं मिटा. ह्ये काय हाय सांगा."

मूठ नाकाशी आली तसा त्यानं एवढा श्वास ओढला की छातीत कळ उठली. आत नुसती गार हवा गेली. ती काय आणणार याचाच त्यानं अंदाज केला. "लसूण."

संयोगितानं मूठ उघडली. तळहातावर चुरडलेला ओवा होता. तिनं तो गव्हाणीत झटकला आणि हात लुगड्याला पुसत ती घरात गेली.

आजारातून उठून त्याला तेवीस दिवस झाले होते. सप्टेंबरात ताप आला तेव्हा गावाबाहेरच्या शाळेत सतरा दिवस ठेवलं होतं. वर्गातल्या बाकांवर गाद्या टाकलेल्या, फळ्यावर मागच्या वर्षीचा सुविचार तसाच. बरोबरची दोन माणसं तिथून गावात परत आलीच नाहीत. जोतीराम आला, अंगात ताकद आली, जेवणही जाऊ लागलं. पण नाक त्या शाळेतच कुठंतरी राहिलं. डॉक्टर म्हणाले होते, "येईल. कुणाला महिना लागतो, कुणाला सहा." महिना म्हणजे काय आणि सहा म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. जोतीराम डेअरीत वासाला बसत होता.

चुलीवर चहाचं दूध ठेवलेलं होतं. तो पुढ्यात बसून बुटांचे बंद आवळत होता. आत देवाला दिवा लावून बयाबाई, त्याची आई, बाहेर आली आणि तिनं पदर नाकाला लावला.

"आरं जोती, दूध करपलं की! चुलीम्होरं बसलाईस आन हाललास न्हाईस. नाक हाय का नुस्तं भोक हाय ते?"

एवढं बोलून ती स्वतःच हसली. साऱ्या पंचक्रोशीत ज्याच्या नाकाचं कौतुक, त्यालाच असं म्हणण्यात तिला गंमत वाटली होती. जोतीराम हसला नाही. संयोगितानं पातेलं उतरवताना हात भाजून घेतला.

*

उचगाव मागं टाकून हुपरीच्या रस्त्याला लागलं, की उसाच्या दोन फडांमध्ये ती डेअरी होती. आसपासच्या तीसेक गावांचं दूध सकाळी तिथं उतरे. अकरा वर्षं जोतीरामनं तिथं ठेकेदाराकडं हमाली केली होती. चाळीस लिटरचा कॅन टेम्पोतून ओढायचा, मांडीवर घ्यायचा, ओट्यावर ठेवायचा. दिवसाला दोनशे वेळा. उजव्या मांडीवर कॅनच्या कडेचा काळा वळ उठला होता, तो आता जन्माचा झाला होता. ओट्याच्या टोकाला एक उंच स्टूल होतं आणि त्यावर पांढऱ्या कोटातले पिराजीआण्णा बसत. कॅनचं झाकण उचलायचं, उलटं करून नाकाशी न्यायचं आणि एका श्वासात निकाल द्यायचा: "सोड", नाहीतर "बाजूला". आण्णा "बाजूला" म्हणाले, की मोठमोठ्या दूध संस्थांचे चेअरमनसुद्धा तोंड पाडून कॅन परत नेत. अकरा वर्षं जोतीरामनं दुसरं काही मागितलं नव्हतं. ते स्टूल, तो कोट आणि तो एक शब्द.

जानेवारीत आण्णा निवृत्त झाले आणि डेअरीच्या राजवर्धनसाहेबांनी जोतीरामला बसवलं. बयाबाईनं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मार्चात सगळं बंद पडलं तरी दूध बंद पडलं नाही. कायम केल्याचा कागद दिवाळीला निघणार होता.

ऑक्टोबरचं ऊन सकाळी सातलाच चटके देऊ लागलं होतं. हा महिना दुधाला वाईट. रात्रीचं दूध सकाळपर्यंत तग धरत नाही. टेम्पो रांगेत लागले. जोतीरामनं तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला. अख्ख्या ओट्यावर तोंड उघडं ठेवायची मुभा त्या एकट्याला होती.

झाकण उचललं. उलटं केलं. हुंगलं. काहीच नाही.

"सोड."

तेवीस दिवसांत तो बिनवासाचं काम शिकला होता. कोणत्या गावचं दूध कसं येतं ते त्याला पाठ होतं. कॅनला हात लावला की आतली ऊब कळे, आणि गरम कॅनवर विश्वास ठेवायचा नाही हेही त्याला कळत होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाचा थर कसा धरलाय, कण दिसतात का, ते तो बघे. जिथं शंका तिथं नमुना प्रयोगशाळेत. तिथं दूध नळीत उकळून बघत. आंबलेलं असलं की फाटे.

पण रोज नमुने वाढत चालले होते. प्रयोगशाळेतली तेजस्वी नळ्यांचा ट्रे घेऊन दारात आली.

"जोतीदा, आज सतरावी नळी आहे ही. पिराजीआण्णा महिन्याला सतरा पाठवायचे. नाकाला सुट्टी दिलीय काय?"

"ऊन वाढलंय म्हनून," जोतीराम म्हणाला.

"सतरातलं एक फाटलं. सोळा चांगली होती."

ती हसूनच बोलली होती. मास्कवरचे तिचे डोळे क्षणभर त्याच्यावर थांबले, एवढंच. पण पुढच्या कॅनचं झाकण उचलताना जोतीरामच्या बोटांतून ते निसटलं आणि फरशीवर खणखणत गेलं. रांगेतल्या टेम्पोतून ड्रायव्हर गौस ओरडला, "काय जोतीभाई, झाकण धरायचं बी जमंना? घरात वैनी जेवायला घालत न्हाईत काय?" सगळे हसले. जोतीरामनं वाकून झाकण उचललं तेव्हा कोटाच्या आत त्याची पाठ ओली झाली होती.

*

त्याच दिवशी दुपारी तो उचगावात पिराजीआण्णांकडं गेला. आण्णा परसात तव्यावर तंबाखू भाजत बसले होते. दातांना लावायच्या मिश्रीसाठी तंबाखू जाळायची, तर गल्ली रिकामी होते. धुरानं जोतीरामचे डोळे भरून आले. तो पायरीवर बसला, दिलेलं पाणी प्याला, आणि कसं विचारावं याचा विचार करू लागला.

आण्णांनी तवा हलवता हलवता त्याच्याकडं बघितलं. "नाक गेलं न्हवं?"

जोतीरामनं मान वर केली. "कुनी सांगिटलं तुमास्नी?"

"कुनी सांगाय पायजे? माझी म्हातारी शिव्या घालत शेजारणीकडं जाऊन बसलीया. रस्त्यावरचं कुत्रं पळालं. आन तू हितं बसून पाणी पितुयास."

 जोतीरामनं तव्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आण्णा, तुमी बी हितंच बसलाय की."

पिराजीआण्णा तोंड न उघडता हसले. तवा त्यांनी खाली उतरवला आणि राख फुंकली. "माझं जाऊन आठ वर्सं झाली. तपकिरीनं खाल्लं."

"आठ? जानेवारीपतोर तर तुमी वासाला बसलावता!"

"बसलो मी हुतो. नाक तुझं हुतं." आण्णांनी बोट आपल्या वरच्या ओठावर ठेवलं. "कॅन तू आणून ठेवायचास. आतलं नासकं आसलं की तुझा हा ओठ उडायचा, झाकण उघडायच्या आदी. कॅनच्या फटीतनं तुला कळायचं. मी आपलं लोकांसाठी झाकण हुंगायचो आन तुझ्या ओठाकडं बघायचो. आठ वर्सांत एक डाव चुकलो न्हाई. म्हनून तर उठताना साहेबाला तुझं नाव सांगिटलं."

जोतीरामला काय वाटावं तेच कळेना. मांडीवर वळ पडेपर्यंत तो ज्या स्टुलाकडं बघत होता, त्या स्टुलाचं अर्धं काम तोच करत होता तर. राग आला, पण रागाच्या खाली जे होतं ते भय होतं. आठ वर्षं आण्णांना हेच भय घेऊन बसावं लागलं असेल. आणि त्यांच्यापाशी निदान एक ओठ होता.

"आता समद्यांच्या तोंडाला मास्क हाय, आण्णा."

"डोळ्याला न्हाई न्हवं? डोळं बघ."

"आन साहेबाला सांगिटलं तर?"

"सांग की. उद्या दुसरा बसंल. ताप येऊन गेलेला माणूस म्हनल्यावर हमालीला बी ठिवत्यात का बघ." आण्णांनी मिश्री डबीत भरली. "दिवाळी कधी हाय?"

"तीन आठवडं."

"काढ तेवढं. कागद हातात आला की मग आजारी पड."

*

गुंडू त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि हमालीत त्याचा जोडीदार. मान बैलाची, बोलणं कमी. त्याच्या घरी दोन मुली होत्या आणि बायको अंथरुणाला खिळलेली. एक दिवस खाडा पडला तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा करील, म्हणून नऊ वर्षांत त्यानं खाडा केला नव्हता. दुसऱ्या सकाळपासून जोतीराम झाकण हुंगताना गुंडूच्या डोळ्यांकडं बघू लागला. कॅन ठेवताना गुंडूच्या डोळ्यांभोवती सुरकुती पडली, की तो म्हणे, "बाजूला." पहिल्या दिवशी तीन कॅन बाजूला काढले. तिन्ही फाटले. तेजस्वीकडं फक्त चारच नमुने गेले.

तिसऱ्या दिवशी नळाला तोंड धुताना गुंडू शेजारी येऊन उभा राहिला.

"सारखं माझ्या तोंडाकडं बघतोयास. मी काय बायकू हाय व्हय तुझी?"

 नळ नुसता वाहत राहिला. गुंडूनं तो बंद केला.

"कवापास्नं?"

"शाळेतनं आल्यापास्नं."

गुंडूनं इकडं तिकडं बघितलं. मास्क वर ओढला. "बघताना मान हालवू नगंस. त्या लॅबच्या पोरीच्या ध्यानात येतंय," एवढंच म्हणाला आणि कॅनकडं गेला.

त्यानंतर काही बोलणं झालं नाही. पण खराब कॅन असला, की गुंडू तो ओट्यावर जरा आडवा ठेवी, कडी जोतीरामकडं करून. चांगला असला तर कडी टेम्पोकडं. जोतीरामला आता मान वर करायचीही गरज उरली नाही. झाकण उचलायचं, हुंगल्यासारखं करायचं, कडी बघायची. घरी गेल्यावर संयोगिता विचारी, आणि तो सांगे, "आजचा गेला." ती बोटांवर दिवाळीचे दिवस मोजी. भय कमी झालं नव्हतं. आता ते दोघांत वाटलं गेलं होतं, एवढंच. झोपेत त्याला कॅन दिसत. सगळ्यांच्या कड्या उपटून काढलेल्या असत.

*

दिवाळीला पंधरा दिवस राहिले असताना गौसचा टेम्पो तासभर उशिरा आला. "वाटेत एका वाडीत मयत झाली, रस्ता अडवलावता," गौसनं सांगितलं. "संस्थेच्या सेक्रेटरीच्याच घरातली. लोकं घाबरल्यात, कॅन द्यायला बी लांबच हुबी हुती." पुढं तो नेहमीसारखा ओरडला, "जोतीभाई, आवर रं, डिझेलचं इंजन तापतंय!"

त्या वाडीचे चार कॅन होते. गुंडूनं एकेक आणून ठेवला. आज त्याची चाल जड होती. दोन कॅनमध्ये तो थांबत होता, ओट्याला हात टेकत होता. ऊन फार होतं. जोतीरामनं ते उन्हावर घातलं. चारही कड्या टेम्पोकडं होत्या.

त्यानं पहिलं झाकण उचललं. थर स्वच्छ. कॅन फारसा गरम नाही. हुंगलं.

"सोड."

चारही सोडले. गुंडूनं ते टाकीत ओतले. तिथून दूध नळीनं आत गेलं आणि आधीच्या दहा हजार लिटरमध्ये मिसळलं.

साडेदहाला आतून आरडाओरडा ऐकू आला. दूध तापवायला घेतलं तसा सगळ्या खोलीत फिनेलचा वास उठला होता. आतली माणसं मास्कवरून हात दाबून बाहेर आली. राजवर्धनसाहेब धावत गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा कपाळापासून पांढरा पडला होता. वयानं तिशीच्या आतले, दुग्धशास्त्र शिकून आलेले. हा माणूस कधी मोठ्यानं बोलत नसे. आजही बोलले नाहीत.

"सगळं सोडून द्यावं लागणार. दहा हजार लिटर." मग त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

मागच्या मोरीचं झाकण काढलं होतं. दूध गटारीतून उसाकडं चाललं होतं, पांढरंशुभ्र, आवाज न करता. बायकांनी आणि गड्यांनी पहाटे उठून ज्या धारा काढल्या होत्या, त्या सगळ्या तिथून चालल्या होत्या. त्यात आपल्या म्हशीचीही धार असेल, हे जोतीरामच्या मनात आलं.

"फिनेल कुठून आलं?" साहेबांनी विचारलं.

सगळे गौसकडं वळले. गौसच्या टेम्पोत सीटखाली फिनेलची बाटली असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महामारी सुरू झाल्यापासून तो केबिन रोज पुसे.

गौस दोन पावलं पुढं आला. "व्हय, हाय बाटली. माझ्या घरात ऐंशी वर्सांचा बाप हाय, म्हनून पुसतो. पर कॅनला माझा हात लागत न्हाई साहेब. गावची लोकं भरत्यात, तुमची लोकं उतरत्यात. आन हे बघा, माझं समदं दूध जोतीनं हुंगून सोडलंय. वास आसता तर त्यानं सोडलं आसतं काय? त्येला गवतातला घाणेरीचा वास कळतोय, फिनेल कळणार न्हाई व्हय?"

 साहेबांनी सावकाश मान हलवली. "बरोबर आहे. जोतीरामनं सोडलं म्हणजे इथपर्यंत दूध चांगलं होतं. म्हणजे जे झालं ते आत झालं." त्यांनी वळून विचारलं, "सकाळी टाकी कुणी धुतली?"

 हमालांतून गुंडू पुढं सरला. "मी."

"कशानं?"

"सोड्याच्या पाण्यानं. मग नुसत्या पाण्यानं. रोजच्यासारखी."

"फरशी पुसायचं फिनेल तिथंच असतं ना? बादली तीच घेतली असशील."

"न्हाई साहेब."

"मग ओतताना वास आला नाही तुला? तोंड टाकीवर होतं तुझं!"

 गुंडू उभा होता तिथंच हलत होता. वाऱ्यात ऊस हलतो तसा, बुंध्यापासून. त्याच्या कपाळावर घाम नव्हता. एवढ्या उन्हात, एवढे कॅन उचलून, घामाचा एक थेंब नव्हता. जोतीरामनं ते बघितलं. शाळेतल्या त्या पहिल्या तीन दिवसांत त्याचं स्वतःचं कपाळ असंच कोरडं होतं.

गुंडूनं फसवलं नव्हतं. गुंडूला वासच आला नव्हता.

"ठेकेदाराला फोन लावा," साहेब म्हणाले. "याला आजच्या आज काढा. आणि नुकसानीचं कागदावर घ्या, पोलिसांत द्यावं लागेल."

आता जोतीरामनं फक्त गप्प बसायचं होतं. पंधरा दिवस. त्याच्या नाकाची साक्ष अख्ख्या डेअरीनं त्याला न विचारताच काढून घेतली होती. गौस त्याच्याकडं कौतुकानं बघत होता. तेजस्वी हातातल्या ट्रेकडं बघत होती. गुंडूनं एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही. आणि ते न बघणंच त्याला सहन झालं नाही.

"साहेब." तो पुढं आला. "त्येनं न्हाई केलं. दूध तसंच आलंतं. मला वास येत न्हाई."

"आज?"

"आज न्हवं. आजारातनं उठल्यापास्नं. म्हयना झाला."

 मग साहेबांचा बूट फरशीवर घासला. ते मागं सरकले होते. एक पाऊल, मग आणखी एक. त्यांच्यामागून सगळेच सरकले. कुणी ठरवून नाही. शिंग उगारलेल्या जनावरापासून माणूस सरकतो तसे. जोतीरामभोवती फरशीचं रिकामं वर्तुळ तयार झालं. महिनाभर तो त्यांच्यात बसून, त्यांच्या मगातनं चहा पीत होता. तो आता बरा झालेला होता. तरीही ते सरकले, आणि त्यांच्या जागी आपणही सरकलो असतो हे त्याला कळत होतं.

"आन गुंडूला बी येत न्हाई," तो म्हणाला. "त्येला आत्ता हाय. त्येला बघा. आदी त्येला बघा."

वर्तुळ फुटलं आणि गुंडूपासूनही माणसं लांब झाली. ओट्यावर दोघंच राहिले.

तेजस्वीनं गेटवरून बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणवलं. हातमोजे घातले आणि एकटीच पुढं आली. गुंडूच्या राकट बोटात ते नीट बसेना. आकडा थांबला: शहाऐंशी. तिनं दुसऱ्या बोटाला लावून बघितलं. पंच्याऐंशी.

"गेटवर ताप कसा दिसला नाही?" तिनं विचारलं.

"नळाखाली डोस्कं धरत हुतो, आत यायच्या आदी," गुंडू म्हणाला. श्वास घेण्यासाठी तो दोन शब्दांत थांबला.

"किती दिवस झालं रं?" जोतीरामनं विचारलं.

"तीन."

"सांगायचं न्हाईस मला?"

गुंडूनं आता त्याच्याकडं बघितलं. "तू कुनाला सांगिटलंतंस?"

*

रुग्णवाहिकेला तास लागेल असं फोनवर कळलं. साहेब तिसऱ्यांदा नंबर फिरवत होते.  फिनेलचा उलगडाही तेवढ्यात झाला. वाडीच्या सेक्रेटरीनं फोनवर रडत सांगितलं, घरात मयत झाल्यावर लोक दूध घ्यायचे नाहीत म्हणून त्यानं पहाटे चारही कॅन आतून बाहेरून फिनेलनं धुतले होते. रोग मरतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. चांगल्या मनानंच धुतले होते.

गौस बराच वेळ टेम्पोच्या दाराला टेकून उभा होता. एकदा त्यानं किल्ली खिशात टाकली, पुन्हा काढली. मग म्हणाला, "मागं बसवा. केबिनमदी नगं, माझा बाप हाय घरात. मागं चालंल."

जोतीरामनं गुंडूच्या काखेत हात घातला. अकरा वर्षांत त्यानं इतकं जड काही उचललं नव्हतं. टेम्पोवर चढताना मागून साहेबांचा आवाज आला.

"जोतीराम." साहेबांनी नजर वर केली नाही. "कोट... कोट तेवढा ठेवून जा. आणि उद्यापासून येऊ नका. मला वर उत्तर द्यायचं आहे. समजून घ्या."

"व्हय साहेब."

त्यानं कोट काढला, घडी घातली. कुणी हात पुढं केला नाही, तेव्हा ओट्याच्या कडेवर ठेवला.

रिकाम्या कॅनच्या मध्ये तो गुंडूचं डोकं मांडीवर घेऊन बसला. उजव्या मांडीवर, वळाच्या जागी. टेम्पो उचगावच्या चढावर आला तसे कॅन एकमेकांवर आपटू लागले. गुंडूचं अंग कापडातून भाजत होतं. जोतीराम त्याच्या बरगड्या मोजल्यासारखा बघत होता: वर, खाली. वर. मधेच एकदा थांबल्यासारखं वाटलं, तेव्हा त्यानं गुंडूच्या गालावर चापट मारली.

"जागा ऱ्हा. ये, जागा ऱ्हा की मर्दा."

"पोरी घरात हायत," गुंडू डोळे न उघडता म्हणाला. "त्यास्नी बी... बघाय सांग."

"सांगतो."

"तुझा कागद?"

 कोटाविना जोतीरामच्या अंगाला वारा लागत होता. घरी गेल्यावर आईला काय सांगायचं, हे त्यानं मनात मांडून बघितलं, पण पहिलं वाक्यच जुळेना. शेवटी त्यानं ते सोडून दिलं आणि पुन्हा बरगड्या बघू लागला.

मोठ्या दवाखान्याच्या दारात नखशिखांत पांढऱ्या पोशाखातला एक माणूस आला. तो तरुण की म्हातारा तेही कळत नव्हतं. चाकाचा पलंग आला. गुंडूला त्यावर घातलं, तोंडावर नळी लावली. पांढऱ्या पोशाखातल्या माणसानं कागद काढला.

"नाव?"

जोतीरामनं सांगितलं. वय, गाव सांगितलं.

"काम काय करतात पेशंट?"

जोतीरामच्या मनात एक भय लखकन येऊन गेलं. ठेकेदाराचा हमाल म्हटलं, तर हा माणूस याला व्हरांड्यात तर ठेवणार नाही? तसं काही नसतं, हे त्याला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तो ताठ उभा राहिला.

"डेअरीत असत्यात. तपासणीला. वासाला बसत्यात ते. कायम हायत."

त्या माणसानं लिहिलं. "आणि तुम्ही कोण?"

पलंग आत चालला होता. चाकाखाली दगड आला, पलंग हिसकला आणि गुंडूचा हात चादरीबाहेर लोंबला. जोतीराम एक पाऊल पुढं गेला, मग दारावरची दोरी छातीला लागली तसा थांबला.

"मी त्यांच्या हाताखालचा हमाल," तो म्हणाला.

"बाहेर थांबा. फोन चालू ठेवा."

दार लागलं. गौसनं टेम्पो रस्त्यापलीकडं सावलीत लावला होता आणि तो चाकापाशी उकिडवा बसला होता. जोतीराम मात्र उन्हातच, दोरीला धरून उभा राहिला.